चौथी तबकडी

सारंगचाचांनी तबकडी काउंटरवर ठेवली.
वर माझंच अक्षर: झेंडावंदन, दापोली, सफिया.
म्हणाले, आवाज नाही.
इतक्या मोठ्यानं म्हणाले
की ताडवाडीच्या नाक्यावरचा पानवाला वळून बघू लागला.

लावून पाहिली. चित्र चोख.
चुन्याच्या रेघा, पांढरे मोजे,
दोरीत अडकलेला झेंडा, त्याला हिसके देणारे मास्तर,
आणि गळ्यात ड्रम घेतलेली दातपडकी पोर
जीव खाऊन बडवतेय
आणि स्टुडिओत फक्त माझ्या पंख्याची कुरकुर.

संगणकावर तीच फाइल दणदणत होती.
मग वाटेत कुठे सांडला?
केबल बदलली. रिमोट झटकला.
दुसऱ्या कंपनीची कोरी डीव्हीडी घेतली, तीही मुकीच निघाली.
रात्री साडेअकराला उलगडलं:
फोननं आवाज भरलाय एएसीत
आणि चाचांचा जुना प्लेयर त्या हाकेला ओ देत नाही.
सॉफ्टवेअरनं तो निमूट वगळला होता
आणि खाली हिरवी खूण: काम पूर्ण.

मग शिवण उसवावी तसा
आवाज चित्रापासून उसवला.
चव्वेचाळीस हजार शंभरचा होता,
अठ्ठेचाळीस हजारांवर नेला,
एसी-थ्रीच्या मापात बसवला,
पुन्हा टाचला.
वाजला!
मी डोळे मिटून ऐकला,
तिथंच चुकले.

न्यायला त्यांची सून आली, मेहरून.
पिशवीतल्या बोंबलांवर कागद सारत म्हणाली,
उगाच त्रास तुम्हाला. त्यांना कुठं ऐकू येतं?
एकतीस वर्षं गोदीत होते.
जहाजाच्या पोटात शिरून गंज ठोकायचा,
लोखंडाच्या आत लोखंडावर हातोडी.
चाळिशीतच गेले दोन्ही कान.

मग आवाज कशाला हवा?

टीव्हीवर हात ठेवतात, ती म्हणाली.
बातम्या नाही, सिरियल नाही,
एवढी लेकीची लेक ड्रम वाजवते ना, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी चाचा पुन्हा दारात.
काठी आधी पडते, म्हणाले,
हाताला नंतर लागते.

मी चिडले. मला तर काहीच वाटलं नव्हतं.
तरी एकेक फ्रेम सरकवत बसले:
काठी खाली, कातडं दबलेलं,
आणि ठोका अजून वाटेतच.
पाच फ्रेम. सेकंदाचा पाचवा हिस्सा.
दोन कान शाबूत असून
माझ्या नजरेतून सुटलेला पाचवा हिस्सा.

आवाज मागे ओढला, तेवढाच.
चौथी तबकडी भाजली.
चाचा दुकानातच तपासायला उभे राहिले.
स्पीकरवर तळहात ठेवला,
नखाखाली जुना काळा रंग, अंगठा थोडा वाकडा,
आणि दुसऱ्या हातानं पंख्याकडे बोट:
तो बंद करा. मध्ये मध्ये बोलतोय.

पंखा बंद केला.
मार्चचा उकाडा, गल्लीत कुणाच्यातरी कुकरची शिट्टी,
चाचांच्या कपाळावरून घाम भुवईपर्यंत आला, थांबला.
त्यांनी स्वतःच आवाज वाढवला, अजून वाढवला,
काउंटरची काच थरथरायला लागली,
पासपोर्टचे फोटो कापायची कात्री सरकत कडेला आली.
दोन मिनिटं दहा सेकंद.

चार तबकड्यांचे पैसे मोजून ठेवले.
मी एकीचेच घेतले. उरलेले त्यांनी
ढकलले, मी ढकलले, एक नाणं खाली पडलं,
त्याचा आवाज मला एकटीलाच आला.

दारातून वळले. पुन्हा तसंच मोठ्यानं,
सगळ्या नाक्याला सांगावं तसं:
पोरगी घाई करते. तिसऱ्या ठोक्याला.

ते गेल्यावर फाइल परत लावली.
पंखा बंदच होता.
हात ठेवला.

तिसऱ्या ठोक्याला, खरंच.